काक्षीचा इशारा आणि यवतचे घर

मी, सुलक्षणा मारुतराव दोरगे, वय चौसष्ट, माहेर केंदूर, तालुका शिरूर, सध्या मुक्काम यवत, तालुका दौंड, राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझे दुखणे पोटात आहे, डोक्यात नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कुणी धाक घालून हे लिहून घेतलेले नाही. माझ्यावर कुणाचा धाक चालत नाही, हे दोन्ही तालुक्यांत माहीत आहे.

१. माझे पती कै. मारुतराव यांच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातील मशीन, तांब्याची तार व सर्व हत्यारे त्यांचे भागीदार सावळाराम यांना द्यावीत. पुण्याच्या संशोधन संस्थेत मी नोकरी करू शकले ती मारुतरावांमुळे. सकाळचा माझा डबा तेच भरत. लोक विचारत, "बाई करत्यात काय तिथं?" ते सांगत, "मोठा तारा मरायच्या आधी त्याच्या पोटातनं बारीक कण सुटत्यात, त्याचं गणित करत्यात." याहून बरे मलाही कधी सांगता आले नाही.

२. बँकेतील ठेव भाची स्नेहल हिच्या शिक्षणासाठी. ती भौतिकशास्त्र शिकते. तिचे लग्न मध्येच उरकू नये. माझ्या भावाने हे कलम दोनदा वाचावे.

३. प्रचंड तारा संपत आला की त्याचा गाभा भयंकर तापतो आणि न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही आरपार जाणारे कण, एकाएकी वाढतात. बाहेरून तारा होता तसाच दिसतो. तो जवळचा असेल, उदाहरणार्थ मृगातला तांबडा काक्षी, तर जमिनीखालच्या यंत्रांना स्फोटाच्या काही तास आधी सुगावा लागू शकतो. माझी हयात त्या काही तासांच्या गणितात गेली. तारा काही फुटला नाही.

मारुतराव दौंडला दवाखान्यात होते. छातीत दुखले होते, पण उतार पडला होता. चहा मागून घेतला होता. दुपारी माझ्या फोनवर परदेशातल्या यंत्राचा इशारा आला. मी फोन पालथा ठेवला. त्यांनी विचारलेच.

"काक्षी असू शकेल," मी म्हणाले.

"मग बसलीस काय? जा. मी कुठं पळून चाललोय?"

त्यांची धाकटी बहीण, माझ्या वन्सं कस्तुराबाई, जवळ बसल्या होत्या. मी पुण्याला गेले. संध्याकाळी कळले की यंत्रातच बिघाड होता. परतले तेव्हा वन्सं खोलीच्या दाराशी उभ्या होत्या.

"घावली का चांदणी, वैनी?"

आत मारुतरावांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

त्या मला एक फोन करू शकल्या असत्या, हा राग मी धरला. त्यांनी त्यांचा धरला. वरवंड ते यवत अंतर ते किती, पण आम्ही एकमेकींच्या दारात गेलो नाही. मारुतराव शेवटी काय बोलले, हे मी वन्संना कधी विचारले नाही. याचा खेद मला तारा न फुटल्याच्या खेदाहून मोठा आहे.

यंत्रांचे इशारे ज्यांना जातात त्या यादीत स्नेहलने आपले नाव घालावे. इशारा आला तर जावे की बसावे, हे मी सांगणार नाही. मला ते आजही ठरवता आलेले नाही.

४. यवतचे राहते घर कस्तुराबाई यांना द्यावे. त्यांच्या भावाचे घर आहे.

सह्यांपूर्वीची नोंद: माझ्या निरोपावरून वन्सं आज आल्या. वकीलसाहेबांनी वरील मजकूर वाचून दाखवला. वन्सं म्हणाल्या, "मी फोन हातात घेतलाच हुता. दादा म्हनला, तिला करू नगंस, कामात असंल. म्हून न्हाई केला."

साक्षीदार एक कमी होता. वन्संनी पेन मागितला. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे वाद निघतो, असे वकीलसाहेबांनी समजावले.

"मग घर ऱ्हाऊ द्या," वन्सं म्हणाल्या. "वैनीच्या कागदावर दादाच्या घरचं कुनीतरी पायजे."

सबब कलम चार रद्द. घर स्नेहलला द्यावे.

लिहून देणार: सुलक्षणा मारुतराव दोरगे (सही)
साक्षीदार: १. महेंद्र शंकरराव पऱ्हाड, केंदूर (सही)
२. कस्तुराबाई जयसिंग दिवेकर, वरवंड; कै. मारुतराव यांची बहीण (सही)

ठिकाण: दौंड. दिनांक: २४ नोव्हेंबर २०२५.