मागं ऐकू येतंय का?

अण्णा,

तुमचा माईक अजून चालतो. वायर बदलली, जाळी बदलली, पण दांडा तोच आहे, तुमच्या बोटांनी झिजलेला. हे मुद्दाम सांगते, कारण गेल्या महिन्यात एका माणसाने मला बजावलं की यापुढे तेलगावच्या आसपास आमचं साउंड कुणी लावणार नाही. मी म्हटलं, बघू की. तुम्ही असता तर शिवी हासडली असती. माझ्याही ओठांवर आली होती.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की नव्या गिऱ्हाइकाला मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. लग्न असो, सभा असो, आमच्याकडे माईक तपासायची एक रीत आहे. आम्ही ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणत नाही. कवितेच्या दोन ओळी म्हणतो आणि मागच्या रांगेला विचारतो, मागं ऐकू येतंय का? नुसतं ‘हो’ चालत नाही. मागच्या रांगेने त्याच ओळी परत म्हणून दाखवायच्या, तेव्हा माईक पास. तुम्ही ओळीही कामाच्या जुळवायचात. भ आणि फ जास्त, म्हणजे माईकवर फुंकर बसते का ते कळतं. शेवट लांब, म्हणजे आवाज घुमतो का ते कळतं. एकही ओळ तुम्ही लिहून ठेवली नाहीत. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायांना त्या अजून पाठ आहेत, आणि कुठे शिकलात विचारलं की म्हणतात, अमकीच्या लग्नात.

घाटनांदूरचं ते लग्न. मी दोन वेण्यांतली आहे, तुम्ही खांबावर भोंगा बांधताय आणि वरूनच म्हणताय, बोल गं काहीतरी. मी ऐटीत ‘हॅलो, वन टू थ्री’ म्हणते. तुम्ही भोंगा तसाच सोडून खाली येता आणि भरल्या मांडवात माझ्या हातातून माईक काढून घेता. “आकडे कावून मोजू लागलीस? कापसाचं माप करायला आलोत का आपण हितं? इतक्या माणसांचे कान उघडे हायेत. त्यात काई चांगलं टाकायचं सोडून आकडे टाकू लागली!” मी वऱ्हाडासमोर रडले. पुढे कितीतरी दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. पण वन टू थ्री पुन्हा कधी म्हटलं नाही.

आणि मग आपलं स्वयंपाकघर. आई भाकरी थापतेय, तुम्ही अंगणाच्या फाटकापाशी उभं राहून नवी ओळ म्हणताय, तिथून आत ऐकू जाते का ते बघायला. आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता ओळ परत म्हणायची आणि वर सांगायची, “ऐकू आली, पण पटली न्हाई.” मग तुम्ही तिथल्या तिथे ओळ बदलायचात. नंतर मी शाली-नारळवाली कविसंमेलनं पुष्कळ ऐकली. आईइतका कडक कान कुठेच भेटला नाही, आणि तो तिचा अजून तसाच आहे.

आता गेल्या महिन्याचं. इथल्या एका नेत्याचा वाढदिवस होता. मांडव मोठा, केक त्याहून मोठा. मी माईक तपासायला घेतला आणि म्हटलं:

भरल्या उसाच्या भवती फिरले,
भागी फक्त चिपाडच उरले.

मागच्या रांगेत ऊसतोडीच्या बाया होत्या, गर्दी दिसावी म्हणून गाडीत घालून आणलेल्या. त्यांनी असा काही आवाज लावला की साहेबांचा कार्यकर्ता धावत आला. “ताई, वाढदिवसाला चिपाड कावून काढू लागल्या तुमी? कोणाची हाय ही कविता?” “आमच्या अण्णांची,” मी म्हटलं. तो जरा नरमला. तुमचं नाव अजून चालतं. “आसंल. पण आता बंद. हॅलो चेक म्हणा, गाणी लावा, इषय संपला. कवितेनं धरणात पानी येतंय का?” “न्हाई येत,” मी म्हटलं, “केकनं येतंय का?” मग जे व्हायचं ते झालं. त्याने मला ते सुरुवातीला लिहिलेलं बजावलं, माजलगावहून डीजे आला, मी सामान टेम्पोत भरलं, आणि लग्नसराईच्या ठरलेल्या तारखा एकेक करून फिरल्या. फोनवर लोक ओशाळून बोलायचे, “राग धरू नका ताई, आमाला बी हितंच राहायचंय.”

राग आलाच, अण्णा. काम गेलं त्याचा नव्हे. इथे पाणी नाही, नोकरी नाही, म्हणून कविताही नको, हे कुणी ठरवलं? आधी पोट भरा मग शब्दांचं बघू, असं सांगणारे स्वतः मात्र माईक सोडता सोडत नाहीत. म्हणून बाजाराच्या दिवशी, उन्हं कलल्यावर, मी बाजारतळावरच्या ओट्यावर सामान मांडलं. कुणाचं लग्न नाही, सभा नाही. विचारलं त्याला सांगितलं, कार्यक्रम नाहीच, नुसतं टेस्टिंग आहे. ज्याला यायचं त्याने यावं आणि माईक तपासावा. मेथीवाली मावशी आली, तिने तिच्या आईची ओवी तपासली. कॉलेजच्या पोरींनी स्वतःच्या ओळी तपासल्या, आधी खिदळत, मग खिदळणं विसरून. बुद्धविहाराजवळ राहणारे निवृत्त गुरुजी आले, ते तर माईक सोडेनात. बाजार उठायच्या वेळी ओट्यापुढे बसायला जागा नव्हती.

तेव्हा तोच कार्यकर्ता आला. “भोंग्याची परवानगी हाय का?” नव्हती. मीच हात लांब करून बटण बंद केलं आणि म्हटलं, घ्या, भोंगा बंद. आता अजून काय बंद करायचंय? मग नुसत्या गळ्याने ती उसाची कविता म्हटली आणि सवयीने विचारलं, मागं ऐकू येतंय का? मग पार शेवटून, भाजीच्या पाट्यांजवळून, बायांनी ती परत म्हटली. त्यांच्या पुढच्यांनी म्हटली, त्यांच्याही पुढच्यांनी म्हटली. कार्यकर्ता मोबाइल कानाला लावून निघून गेला. फोन आलेला नव्हता, हे सगळ्यांना दिसलं.

सामान आवरताना एक म्हातारी जवळ आली. ऊसतोडीत जन्म गेलेली. “तुझ्या बापाच्या समद्या मला पाठ हायेत,” ती म्हणाली. “ही त्याची न्हाई. बापाला कावून पुढं करतीस, बाई?”

तुम्हाला तर वरच्या ओळी वाचतानाच कळलं असणार. तुमच्या कविता केव्हाच संपल्या, अण्णा. गेली कित्येक वर्षं मी माझ्याच म्हणते आणि तुमचं नाव सांगते, कारण तुमच्या नावाला लोक कान देतात. आता बास. पुढच्या बाजारी माईक पुन्हा लागणार आहे, परवानगी काढून, आणि तो कार्यकर्ता पुन्हा विचारायला आला, कोणाची हाय ही कविता, तर मी ‘माझी’ म्हणणार आहे. हे पत्र टाकायचं कुठे, ते भोंग्याच्या पेटीतच राहील. एक कबूल करते, तो एक शब्द मला अजून जड जातो. आज सकाळी फाटकापाशी उभी राहून म्हणून बघितला. पहिल्या खेपेला तोंडातून ‘अण्णांची’च निघालं. दुसऱ्या खेपेला आई आतून म्हणाली, “ऐकू आलं. पटलं बी.”