दोन परकर आणि एक इंग्रजी शब्द

माय,

आज तुला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मले काय कराचं त्याचं, कामाचं बोल." कामाचंच आहे. आरमोरीच्या कॉलेजात मी शिकवते तिथे बी.ए.ला एक मुलगी आहे. तलावाकाठच्या गावातली, मासे धरणाऱ्या घरातली. लांब पल्ल्याचं धावते. मोठ्या शहरात खेळाडूंचं एक वसतिगृह आहे, तिथे राहणं, जेवण, सराव सगळं होतं. मागच्या वर्षी ती निवडीला गेली, तेव्हा टेबलामागच्या माणसाने मान वर केली, "बहुत पतली है," म्हणाला आणि पुढच्या मुलीला हाक मारली. हिला धावायला सांगितलंच नाही. यंदाची तिची शेवटची खेप, पुढच्या वर्षी ती वयात बसणार नाही. अर्जासोबत शिक्षकाचं इंग्रजी पत्र लागतं आणि त्यात अंगकाठीबद्दलही लिहायचं असतं. ते पत्र माझ्याकडे आलं.

आमच्या खेळाच्या सरांनी कच्चा मजकूर लिहून दिला होता. त्यात होतं, थिन बट हार्डवर्किंग. वाचलं आणि मला आपल्याकडचे सोयरीक जुळवणारे आठवले. पोरगी बारीक आहे, पण कामाची आहे. तो 'पण' आला की ऐकणाऱ्याला कळतं, आता घासाघीस करायला हरकत नाही. मी 'बट' खोडला, मग 'थिन' खोडला, आणि त्या जागी काय लिहावं यावर अडून बसले.

इंग्रजीत बारीक माणसाला पुष्कळ शब्द आहेत आणि प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली. थिन कुठेही चालतो, विरळ केसांना, पातळ वरणाला, झिजलेल्या लुगड्याला. माणसाला लावला की काहीतरी कमी पडलंय असं वाटतं. स्लिम म्हणजे ठरवून, पैसे देऊन बारीक झालेली शहरातली बाई. स्किनी हा टोमणा. स्लेंडर मात्र तुला आवडला असता, कारण तो मूल गावच्या राइस मिलवरही भेटतो, लांब बारीक दाण्याच्या तांदळाला म्हणतात. आपल्या घरी पाहुण्यांसाठी तो शिजायचा आणि आपल्याला रोज जाडा ठोकड. तांदूळ बारीक असला तर भाव जास्त आणि पोरगी बारीक असली तर कमी, असं का, हे मी लहानपणी तुला विचारलं होतं. तू सुपात तांदूळ पाखडता पाखडता म्हणालीस, "तांदूळ चुलीवर जाते. पोरीले चुलीपुढं बसा लागते. ताकद कोणाले पायजे, सांग."

मला हवा होता तो शब्द लीन. देवनागरीत लिहिला की कीर्तनातल्या 'चरणी लीन'सारखा दिसतो, पण त्याच्याशी याचं काही नातं नाही. लीन म्हणजे अंगावर चरबी नाही आणि जोर आहे. धावणाऱ्या माणसाला म्हणतात, ज्या मटणात चरबी नसते त्यालाही म्हणतात. (त्यावर तुझं मत मला ठाऊक आहे, चरबी नाही तर रस्सा कशाचा.) पण हाच शब्द ते महिन्यांनाही लावतात. भादव्यात धान साठवायच्या ढोलीत हात घातला की तळाची बांबूची वीण लागायची, नवं धान शेताच्या बांधीत हिरवं उभं असायचं, आणि तू भाताची पेज करायचीस, ते महिने इंग्रजीत लीन. शहरातला माणूस माझ्या पत्रात तो शब्द वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पहिला अर्थ येईल, घोटीव पोटऱ्या येतील. मुलगी दुसऱ्या अर्थाने बारीक असेल तर? मग मी चांगल्या शब्दाखाली तिची भूक झाकली असं होईल. वर्षाला दोन-तीन शिफारशीची पत्रं मी लिहिते, पण इतका विचार करून कधी लिहिलं नव्हतं, हेही तेव्हा लक्षात आलं.

आपल्याकडे काटक आहे. तुला सगळे काटक म्हणायचे. धान रोवण्याच्या दिवसांत तू घरात सगळ्यांच्या आधी जेवायचीस, आजीच्या देखत, चुलीपाशी ताट भरून घेऊन. आजी एकदा काही बोलली तर तू घास न थांबवता म्हणालीस, "मी चिखलात उभी राहीन तवा हे घर उभं राहीन." आणि मग दिवस मावळेपर्यंत बांधीत वाकलेली. तू पाय धुवायला बांधावर चढतेस, तेव्हा कोणीतरी म्हणतं, बाई काटक आहे. म्हणजे हा शब्द काम पाहून झाल्यावर तोंडात येतो. फोटो पाहून, टेबलामागे बसून, कोणी कोणाला काटक म्हणत नाही. मी त्या मुलीला वर्गात बाकावर बसलेली पाहिली होती, फार तर मैदानावर दुरून. म्हणून एका रविवारी तिच्या गावाला गेले.

आधी कळवून गेले, तिथे घोळ झाला. मी खाटेवर बसले, तिच्या आईने पाणी दिलं, आणि आतून मुलगी आली ती साडी नेसून, भरलेल्या पोत्यासारखी हळूहळू चालत. कॉलेजात ती सलवारमध्ये असते, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढते. आता तिला नीट खाली बसता येईना. मला लगेच कळलं.

"किती घातले?" मी विचारलं.

तिची आई म्हणाली, "दोन परकर, मॅडम. अन आतून माही जुनी साडी गुंडाळली."

"काऊन पण?"

"तुमी पाहाले येऊन राह्यले ना. मांगच्या खेपेले नुसती पाहूनच वापस केली तिले. म्हटलं, लिहिणाऱ्या मॅडमच्या तरी डोयात भरू दे."

मी हसायला लागले आणि हसू थांबेना. त्या दोघी एकमेकींकडे पाहत होत्या. त्यांना कसं सांगू? मला आपली ओसरी दिसत होती. मला पाहायला मूलकडचे पाहुणे येणार म्हणून तू जाड मांजरपाटाचा परकर स्वतः शिवलास, माझ्या नेहमीच्या परकरावर घालायला. मी बी.ए. झालेली, तत्त्वाने बोलणारी. म्हणाले, हे खोटं आहे. "खोटं काऊन? कपडा तुयाच हाये ना?" म्हणत तू नाडी इतकी करकचून बांधलीस की मला चहा देताना वाकता येईना. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अंगकाठीबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि आठवड्याने निरोप आला की पोरगी जास्त शिकलेली आहे. तू भाकरी थापत होतीस. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणालीस, "शिक्षण झाकाले परकर नाई पुरत." तोच परकर तू मला नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी पुन्हा काढून दिलास. "इथी शिक्षण दिसू दे. हाडं झाक." ती नोकरी मला मिळाली.

तेवढ्यात तलावाकडून मुलीच्या बापाची हाक आली, "पोरी, ये वं, जाळं टाकलं." ती आत पळाली आणि टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंत दुमडलेली सलवार घालून बाहेर आली. आता ती माझ्या ओळखीची होती. फाल्गुनात तलाव उतरलेला असतो, काठाला चिखलाचा रुंद पट्टा. मोठं जाळं अर्धगोल पसरलेलं, एका टोकाला बाप आणि काका, दुसऱ्या टोकाला ही आणि तिची आई. दोर खांद्यावर घेऊन ती टाच रोवते, ओढते, पुन्हा टाच रोवते. चिखल पाय धरतो आणि तो सोडवताना पोटरीतली शीर न शीर वर येते. ओढ एकसारखी. मधेच बाप आणि काका दम घ्यायला थांबले तर ही पलीकडून ओरडली, "बाबा, बिडी मंग. मासोया थांबून नाई राह्यल्या." जाळं काठाला लागल्यावर टोपलं घरी राहिल्याचं कळलं, तर तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, धावत गेली आणि आली, आणि येऊन बोलली ते साध्या श्वासात. मी विचारलं, दमली का? "नाई मॅडम. याच्यात कायचं दमणं, हे तं हळूहळू असते."

मग जेवलो. मी तिच्या ताटाकडे पाहत होते, हे मला बरं वाटत नव्हतं तरी पाहत होते. तिने तीनदा भात घेतला. मी तिच्या आईला विचारलं, भादव्यात कसं असतं? तिने आढेवेढे घेतले नाहीत. "दोन मयने तांदूळ पुरवून पुरवून खावा लागते. आमाले सवय हाये. हिले धावून आली का भल्ली भूक लागते. मंग ही बोलतच नाई कोणाशी."

"आई, हे काऊन सांगून राह्यली?"

"मॅडमले खरं लिवू दे वं."

परत येताना बसमध्येच पत्र तयार झालं. लीन हा शब्द लिहिला, पहिल्या अर्थाने, आणि तो शब्द कशावरून वापरला तेही लिहिलं, जाळं, चिखल, पाळ. मग पुढच्या वाक्यात लिहिलं की धान निघण्याआधीचे दोन महिने हिच्या घरी जेवण कमी पडतं. ती उणीव तिच्या पायांची नाही आणि तुमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात ती भरून निघेल. शेवटी लिहिलं, हिला आधी धावू द्या, मग वजन घ्या. सरांनी वाचून मान हलवली. "मॅडम, ते भुकेचं काढा. कीव मागितल्यासारखं वाटते."

"कीव येऊ द्या ना सर. फक्त धावल्यावर येऊ द्या."

काढलं नाही. मला अजूनही वाटतं की ते वाक्य बरोबर होतं. एकाच माणसाच्या अंगात दोन्ही असू शकतं, आणि लिहिणाऱ्याने दोन्ही वेगवेगळं, नाव घेऊन सांगावं. तुझ्याबद्दल कोणी मला पत्र मागितलं असतं तर तेही मी असंच लिहिलं असतं.

बोलावणं आलं. निवड झालेली नाही, पण पत्रात स्पष्ट लिहिलं आहे की आधी धावण्याची चाचणी होईल. उद्या सकाळच्या गाडीने ती निघते. आज दुपारी घरी आली होती, बूट दाखवायला. जाताना दारात घुटमळली. "मॅडम, एक विचारू? आतून एक टी-शर्ट जास्तीचा घालू का? ढिला आहे, दिसणार नाई."

"एकच घाल," मी म्हणाले. "अन सकाळी पोटभर जेव. सगळ्यांच्या आधी."

ती हसली आणि फाटकातून निघाली ती धावतच. मला तिची काळजी वाटत नाही. धावू दिलं तर ती दमत नाही, एवढं मी पाहिलं आहे.

हे सगळं माझ्या वहीत राहील, तुझ्याकडे पोचवायची सोय नाही. पण दारात उभी राहून तिला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. तो मांजरपाटाचा परकर अजून आहे, दोनदा नाडी बदलली. जूनमध्ये नवा वर्ग सुरू होतो, त्या पहिल्या दिवशी मी साडीखाली तो घालते, दुसरा म्हणून. उकडतं फार. तरी घालते.