शिंप्याचं नाणं

३ फेब्रुवारी, रविवार

लिही गं. मी बोलते, सूनबाई लिहिते. मला अक्षर येत नाही. इतकी वर्षं माझ्या पोटातलं माझ्याच पोटात राहायचं, आता हिच्या पोटात जातं. तिला पचलं तर बरं!

आज शिंपी आला होता. आमच्याकडे रविवार म्हणजे शिंपी. मधे टेबल, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला तो, दोघांचे दोन अल्बम, दोघांच्या डोळ्याला भिंग. माझा चहा गार होतोय तिकडे कुणाचं लक्ष? "वहिनी, अर्धाच कप हं," असं शिंपी म्हणतो आणि तीन वेळा अर्धा घेतो.

ह्यांचं कुलपांचं दुकान होतं. एकदा कुणाचं जुनं कपाट उघडून द्यायला गेले, खणात एक पितळी नाणं निघालं. मालक म्हणाला, राहू दे तुम्हाला. तिथून हे वेड लागलं. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला सन. दर वर्षाचं एक नाणं हवं. मी विचारलं होतं, "सगळी सारखीच, मग एवढी कशाला?" तर म्हणाले, "सारखी कुठे? सन वेगळा आहे." मला सन कुठून वाचता येणार! मला सगळे पक्षी एका घरट्यातले.

एक कप्पा मात्र रिकामा आहे. त्या वर्षी टाकसाळीला आग लागली म्हणे, नाणी फार थोडी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अशक्त झालंय, रोज चाला. तर हे चालले नाहीत. पण दर बुधवारी जुन्या बाजारात त्या एका नाण्यासाठी पाय ओढत जातात. भंगारवाल्यांच्या टोपल्या उपसतात, काळे हात घेऊन घरी येतात, आणि दोन घास जास्त जेवतात.

आज निघताना शिंपी नेहमीचं बोलला. भंगारात एका नाण्यावर दोघांचा हात एकदम पडला होता कधीकाळी. ते ह्यांच्याकडे आलं. तेव्हापासून शिंप्याचं एकच पालुपद, "वहिनी, ते नाणं माझं आहे. ह्याच्याकडे फक्त सांभाळायला दिलंय. एक दिवस काढून नेईन, पत्ता लागायचा नाही!" हे म्हणाले, "नेऊन दाखव, कातऱ्या." दोघं हसले. दर रविवारी हसतात. एकच विनोद, त्याला इतकी वर्षं झाली तरी भोक पडत नाही.

७ फेब्रुवारी

मुलगा आनंदात आहे. त्याला ते आगीच्या वर्षाचं नाणं मिळालं. कुठल्या परगावच्या माणसाकडून मोबाइलवर मागवलं. वाढदिवसाला देणार.

म्हटलं, "नको देऊ."

"आई! अर्धं आयुष्य शोधतायत ते!"

"म्हणूनच म्हणते."

त्याला वाटलं, मी किमतीवरून बोलते आहे. सूनबाई, तुझा नवरा असला तरी लिही — बैल आहे. लिहिलंस? शाबास.

१२ फेब्रुवारी

दिलं.

हे भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "खरं आहे." नाणं कडेनं धरलं, कप्प्यात सरकवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मुलाच्या डोळ्यांत पाणी. ह्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "झालं."

अल्बम मिटला. जेवण अर्ध्यावर टाकून उठले. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

१७ फेब्रुवारी, रविवार

शिंप्याला दाखवलं. त्यानं पाहिलं, म्हणाला, "जिंकलास, कुलप्या." आणि भिंग परत खिशात ठेवलं. मग दोघं हवेवर बोलले. हवेवर! दुसऱ्या अर्ध्या कपाच्या आधीच उठला. ते नेहमीचं वाक्यसुद्धा बोलला नाही.

२० फेब्रुवारी

बुधवार. बाजारात गेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून आहेत.

२३ फेब्रुवारी

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, नवीन काही नाही, वय झालंय. वय तर माझंही झालंय, मी कुठे भिंतीकडे तोंड करून पडते?

ताटाला बोट लावत नाहीत. दुपारी मी त्यांच्याजवळ बसले. विचारलं, "अहो, जमवलीत तरी कशाला एवढी?" वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. छताकडे बघत म्हणाले, "दिवसभर लोकांची दारं उघडून द्यायची. दार उघडलं की ते आत, आपण बाहेर. संध्याकाळी खिशात एखादं नाणं असलं की वाटायचं, रिकाम्या हातानं आलो नाही."

"मग आता?"

"आता काय? आता भरलं."

मुलगा सारखा विचारतो, बाबांना आवडलं ना? मी म्हणते, फार. त्याला काय सांगू? प्रेमानंच दिलं बिचाऱ्यानं.

मला हे असेच संपताना दिसतायत. कुठे दुखत नाही, खुपत नाही, नुसते विझत चाललेत.

२५ फेब्रुवारी

चोरी केली.

दुपारी ह्यांचा डोळा लागला होता. अल्बम काढला. नवीन नाणं काढावं तर मुलाच्या जिवाला लागेल. बाकी सगळे पक्षी सारखे. मधलं एक पान उघडलं, हाताला आलं ते काढलं. लोकरीच्या गुंड्यात खुपसलं आणि वरून आणखी लोकर गुंडाळली. माझ्या विणकामाला घरात कुणी हात लावत नाही. हात लावला तर पूर्ण करावं लागेल ना!

सूनबाईला सांगितलं तर पेन खाली ठेवून हसत सुटली. "आई, अहो चोरी!" म्हटलं, घरातल्या घरात आहे. नवऱ्याच्या अंगात जीव येण्यापुरती. आता ह्यांना दिसायची वाट बघायची. मी सांगणार नाही.

३ मार्च, रविवार

हे असं व्हायला नको होतं.

शिंपी आला. तो आलाच आहे म्हणून ह्यांनी अल्बम उघडला. पान उलटलं, पुढचं उलटलं. थांबले. परत मागे आले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. चेहऱ्यावर रंग चढताना दिसला, मनात म्हटलं, जमलं!

तर हे मान वर करून शिंप्याला म्हणाले, "काढलंस शेवटी?"

शिंपी हसला. त्याला वाटलं, नेहमीचीच गंमत. "हो तर! सांगितलं होतं ना, पत्ता लागणार नाही म्हणून."

"मागच्या रविवारी अल्बम तुझ्याच हातात होता."

"अरे कुलप्या..."

"खिसे दाखव."

एवढ्या पक्ष्यांतून माझ्या हाताला नेमका त्याचाच पक्षी लागावा! भंगारातला, दोघांच्या हातांचा. मी सन वाचला असता तर त्या पानाला शिवलेही नसते.

शिंप्यानं खिसे दाखवले. खडू, अंगठीसारखं ते बोटात घालायचं टोपण, भिंग. सगळं टेबलावर ठेवलं. आवाज न चढवता म्हणाला, "बघ." हे म्हणाले, "घरी ठेवून आला असशील." शिंप्यानं एकेक वस्तू उचलून खिशात घातली आणि गेला. पहिला अर्धा कपसुद्धा तसाच.

मी बोलायला हवं होतं. त्याचा कप उचलून आत गेले.

४ मार्च

ताट स्वच्छ केलं. रागानं माणूस एवढं जेवू शकतो? घरभर फेऱ्या चालल्यात. "इतक्या वर्षांची मैत्री! पितळेसाठी!" आरशासमोर दाढी करतानासुद्धा शिंप्यालाच बोलतात.

सूनबाई म्हणते, आई, सांगून टाका. सांगितलं की हे परत भिंतीकडे वळणार. नाही सांगितलं तर तो बिचारा चोर. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही मीच खणलेत.

६ मार्च

बाजारात गेले! त्याच सनाचं दुसरं नाणं शोधायला. संध्याकाळी काळे हात घेऊन आले. मिळालं नाही. झोप मात्र लागली.

१० मार्च, रविवार

कुणी आलं नाही. सवयीनं मी दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती. हे म्हणाले, "येईल कशाला, कुठल्या तोंडानं?" आणि जिन्यावर पाऊल वाजलं की दाराकडे बघत होते.

११ मार्च

मी सूनबाईला घेऊन शिंप्याच्या दुकानात गेले. तो मशीनवर वाकलेला.

"वहिनी? माप द्यायला आलात?"

लोकरीचा गुंडा त्याच्या पुढ्यात ठेवला. म्हटलं, "ह्यात आहे. मी काढलं. सगळी सारखीच दिसली मला." कशासाठी काढलं, तेही सांगितलं.

मशीन थांबलं. मग तो हसायला लागला. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना. पाणी पिऊन म्हणाला, "बरोब्बर माझ्याच मानेवर हात घातलात, वहिनी!"

"आत्ता जाऊन सांगते त्यांना."

"थांबा. जेवतो का?"

"ताट चाटतात."

"बाजारात जातो?"

"गेले होते बुधवारी."

"मला शिव्या देतो?"

"रोज नव्या."

"मग राहू द्या."

"अहो, पण लोक तुम्हाला चोर म्हणतील!"

"शिंप्याला लोक तसंही कापडचोर म्हणतातच. त्यात एक नाणं."

मी विचारलं, "तुम्ही तरी कशाला जमवता हो ही?"

तो सुईत दोरा ओवत होता. दोन-तीनदा चुकला. म्हणाला, "बायको गेली, त्या वर्षी रविवार सरता सरेना. दुकान बंद, घर बंद. कुलप्या म्हणाला, ये, नाणी दाखवतो. मला नाण्यातलं कप्पाळ कळत होतं! पण दर रविवारी एखाद्याच्या घरी नुसतं जाऊन किती बसणार? म्हणून मीही जमवायला लागलो. दाखवायला काहीतरी हवं ना."

"आणि आता रविवारी?"

"मशीनला तेल घालतो."

गुंडा त्यानं माझ्या पिशवीत परत ठेवला.

१७ मार्च, रविवार

हे जिन्यात भेटेल त्याला सांगतात. वरच्या मजल्यावरच्या बाईनं शिंप्याकडे टाकलेलं कापड परत आणलं म्हणे. "कुणावर विश्वास ठेवायचा हो!" असं मलाच म्हणाली. मी मान हलवली. मी! मान हलवली!

जेवताना सांगायचं ठरवलं. ह्यांनी आणखी वाढ म्हणून ताट पुढे केलं. वाढलं. सांगणं राहिलं.

२२ मार्च

शिंप्याच्या मुलीचा फोन. छातीत पाणी झालंय, दवाखान्यात ठेवलंय. शुद्धीवर आहे, पण अन्न नको म्हणतो, कुणाशी बोलत नाही. मुलगी म्हणाली, "काकू, बाबा नुसते भिंतीकडे बघत असतात."

हे शेजारीच बसले होते. सगळं ऐकू आलं असणार. अल्बम घेऊन बसले, भिंग न लावताच. त्या कप्प्यावरून अंगठा फिरवत होते.

एक माणूस उठवायला दुसरा पाडला मी. आता पुरे. परवा रविवार आहे. ह्यांना सगळं सांगणार, मग दवाखान्यात जाऊन त्याच्यासमोरही सांगणार. मला घराबाहेर काढलं तर सूनबाई, तुझ्या माहेरी जागा आहे ना? बघ, कशी गप्प बसली.

२४ मार्च, रविवार

मी गुंडा घेऊन आले तर हे आधीच बूट घालून दारात, बगलेत अल्बम. म्हणाले, "चल." वाटेत मला बोलू देईनात.

शिंपी पलंगावर पार आटलेला. ह्यांनी अल्बम त्याच्या पोटावर उघडा ठेवला.

"काढ. हवं ते काढ, कातऱ्या. मी बघत नाही."

आणि खरंच, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

शिंप्यानं माझ्या हातातल्या गुंड्याकडे पाहिलं, नको म्हणून मान हलवली. मग दोन बोटं हळूच एका भरलेल्या कप्प्यात घातली आणि पक्षी मुठीत घेतला.