पहिलं नाव आईचं

९ मार्च, रविवार

पुन्हा बैठक, पुन्हा चहा, पुन्हा शून्य!

दिवाळीत केंद्राचं उद्घाटन झालं. वीस खाटा, स्वच्छ न्हाणीघरं, पायऱ्यांऐवजी उतरण, पगारी स्वयंपाकीण. राहायला कोणी नाही. ती बाई रोज स्वतःपुरत्या आणि वॉचमनपुरत्या भाकरी टाकते.

दहा वर्षांचा आराखडा मीच लिहिला, संस्थेचा चिटणीस म्हणून. आधी इथे पारोळ्यात, मग साक्री, मग असोदा. पोरं सुरत-पुण्याला, म्हातारी माणसं गावात कुलपासारखी. गरज सगळ्यांना पटते. स्वतःच्या आईचं नाव पहिलं द्यायला मात्र कोणी तयार नाही. ‘वृद्धाश्रम’ शब्द नको म्हणून फाटकावर ‘आरोग्य व निवास केंद्र’ लिहिलं. तरी माणसं तिथून खाली मान घालून जातात.

आमचे अध्यक्ष जीवराम आबा निघताना म्हणाले, “सर, दुसऱ्याच्या आईकडे बोट दाखवून भागणार नाही. तुमच्या आईचं नाव पहिलं लिहा. मग बघा रांग.”

मी हसलो. आबा हसले नाहीत.

११ मार्च

आबांना बोलायला काय जातं? त्यांची आई कधीच वारली. पण बोलले ते खरं आहे, हाच त्रास आहे.

१६ मार्च, रविवार

दिपमालाला सांगितलं. वाटलं होतं, तिला आतून बरं वाटेल. सासू-सून म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. ती पोळी लाटता लाटता थांबली. “तुम्हाला हार घालतील. शेण माझ्या तोंडात घालतील. सुनेनेच काढलं म्हणतील.”

“महिन्याभराचा प्रश्न आहे. चार जणी आल्या की आणू परत.”

“आईंना विचारलंत?”

नव्हतं विचारलं.

१८ मार्च

विचारलं. आई गच्चीवर ज्वारीचे बिबडे वाळत घालत होती. मी शाळेत समजावतो तसं सगळं समजावून सांगितलं – गरज, समाज, उदाहरण. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “तू म्हनस तर जासू. तुनं नाव खाले जावाले नको.”

“फक्त आखाजीपर्यंत, आई. अक्षय्य तृतीयेला दीड महिनाच उरलाय. मी स्वतः घ्यायला येतो.”

“हां.” आणि पुढचा बिबडा पसरला.

ती ओरडली असती तर मी थांबलो असतो का? थांबलो असतो, असं लिहावंसं वाटतं.

२ एप्रिल, बुधवार

सोडून आलो. फोटो निघाले. आबांनी नारळ दिला.

सकाळी ती पेटी भरत होती. दोन लुगडी, माझ्या वडिलांचा, नानांचा फोटो, तंबाखूची डबी. आणि वर जाड गोधडी! मी म्हटलं, “आई, चैत्रात गोधडी कशाला? महिन्याभरात तर परत यायचंय.”

“थंडी काय सांगीसन येस का?”

मी गोधडी गाडीत ठेवली. तिला कळलं होतं, आणि तिला कळलं हे मलाही कळलं. तरी गाडी चालू केली.

५ एप्रिल

घर शांत. बाथरूमबाहेर थांबावं लागत नाही. गोळ्यांची आठवण करावी लागत नाही. आज कितीतरी महिन्यांनी सलग झोपलो. उठल्यावर आधी बरं वाटलं, मग स्वतःची किळस आली.

दिपमाला चहाचे तीन कप मांडते अजून. मग एक परत ठेवते.

१० एप्रिल

शेजारच्या खेड्यातला रुपचंद त्याच्या आईला घेऊन आला. पुष्पाबाई. गावात सांगून आलाय, गुडघ्याच्या इलाजाला नेतोय. माझ्यापाशी हळूच म्हणाला, “सर, तुमनी माय शे म्हनीसन हिंमत व्हयनी.”

त्यानंतर दोन जणी तरडीकडून आल्या. त्यांचेही गुडघेच! या तालुक्यात एवढे गुडघे एकदम दुखायला लागतील असं वाटलं नव्हतं.

आबांचा हिशोब बरोबर निघाला. मला आनंद व्हायला हवा. झालाही, दुपारपर्यंत.

संध्याकाळी भेटायला गेलो तर आई पुष्पाबाईचे केस विंचरत होती. मला म्हणाली, “बस. च्या पी.” आमच्या घरी ती मला कधी ‘बस’ म्हणाली नव्हती. घरच्या माणसाला कोण म्हणतं?

२० एप्रिल, रविवार

साक्रीला गेलो होतो. तिथे दुसरं केंद्र काढायचं चाललंय, म्हणून मला बोलवलं. हॉल भरलेला. माझी ओळख करून देताना म्हणाले, “आधी केले मग सांगितले! यांनी स्वतःच्या मातोश्रींपासून सुरुवात केली.” टाळ्या. शाल, श्रीफळ.

मी बोललो. चांगला बोललो. यापुढे अशी केंद्रं लागणारच, त्यात लाज कसली, असं म्हणालो. त्यातला शब्द न् शब्द मला पटतो. एक म्हातारा शेवटी उठला. “सर, तुमच्या घरात खोली कमी होती का?”

मी म्हणालो, प्रश्न खोलीचा नाही. लोकांनी त्याला खाली बसवलं.

खोली आहे. तिच्यात आता इस्त्रीचे कपडे पडलेले असतात.

२५ एप्रिल

सुरतहून ज्योतीचा फोन. माझी धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून आखाजीला माहेरी यायचं तिने एकदाही चुकवलेलं नाही. “भाऊ, यंदा दोन दिवस जास्त राहणार आहे. आई घरी आली ना?”

“रविवारी आणतोय.”

“नक्की ना?”

“अगं, शब्द दिलाय मी तिला.”

२७ एप्रिल, रविवार

आणली नाही.

गेलो होतो आणायलाच. आबा ऑफिसात बसलेले. “आता नको, सर. तुमच्या आई निघाल्या की बाकीच्याही निघतील. लोक म्हणतील, सरांनी नाटक केलं. पावसाळ्यापर्यंत तरी राहू द्या.” मी म्हटलं, मी शब्द दिलाय. पण आवाजात जोर नव्हता, आणि तो आबांनाही ऐकू आला.

आई पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. माझं तोंड पाहिलं आणि तिने पिशवी खाटेखाली सरकवली. मला एक वाक्यसुद्धा बोलावं लागलं नाही. “ऱ्हाऊ दे पेमा. माले आठे बरं शे.”

पाया पडलो आणि निघालो. गाडीत बसल्यावर हायसं वाटलं. खरंच वाटलं. आबांचं ऐकावं लागलं, केंद्र टिकायला हवं, ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी त्यांच्या मागे लपलोय.

ज्योतीला फोन केला. “आखाजी झाली की आणतो.” ती एवढंच म्हणाली, “बरं.”

२९ एप्रिल

दिपमालाने पुरणाची डाळ आणली, ज्योतीसाठी बांगड्या आणल्या. मी उद्यासाठी मातीची घागर आणली. नानांच्या नावाने घागर भरायची, विस्तवावर नैवेद्याची आगारी टाकायची, सगळं आईच सांगायची. यंदा मला आठवून करावं लागेल.

३० एप्रिल, आखाजी

ज्योती अमळनेरला गाडीतून उतरली, एसटीने पारोळ्याला आली. घरी आली नाही. अकरा वाजता फोन. “भाऊ, माहेरी पोचले. तुम्ही दोघं जेवायला या.”

मागून आईचा आवाज. “त्याले सांग, घाई करू नको. त्याना बापनी घागर आम्हीन आठेच भरी.”