ज्याला आम्ही समाधी समजलो

प्रिय अर्जुन,

काल तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा कापसाचं विचारून ठेवून दिला. जे सांगायचं ते तोंडातून निघेना. म्हणून लिहून, पाकीट चिकटवून मलकापूरच्या एसटीच्या कंडक्टरजवळ देतो आहे.

माझा गजेंद्र गणपतीत पुण्याहून आला होता, तेव्हाचं तुला आठवत असेल. आरतीच्या वेळी पेटता कापूर त्याच्या तळहातावर पडला. कातडी भाजली, पण पोरगं टक लावून बसलेलं. नंतर म्हणाला, "बाबा, मी वरतून माह्या देहाले पाहून राह्यलो होतो." तीस वर्षं भजन करून मला जे मिळालं नाही ते याला बाविसाव्या वर्षी लाभलं, असं वाटून माझे डोळे भरून आले. भजनी मंडळातले जानराव तर त्याच्या पाया पडले. तू फोनवर हसलास, "वामन्या, तुह्या घरी महाराज निपजला बे!" मला राग आला नाही, उलट छाती फुगली.

दिवाळीत आला तो वाळून गेलेला. दर पंधरा मिनिटांनी लघवीला उठायचा. उन्हाळी लागली म्हणून त्याची आई धण्याचं पाणी पाजत राहिली. मग रक्त आलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी आधी त्याला एकट्याला विचारलं, मग मला आत बोलावलं. केटामाईन. ऑपरेशनच्या वेळी माणसाला बधिर करायचं औषध. पोरं त्याची पूड नाकाने ओढतात. देहापासून वेगळं झाल्यासारखं वाटतं, दुखलेलं कळत नाही. हळूहळू तेवढ्यानं भागेनासं होतं. तिकडे मूत्राशय आतून सोलून निघतं, आकसतं. गजेंद्रचं आता कपभरही धरत नाही. सोडलं तरी पूर्वीसारखं होईल, अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. अर्जुन, माझं पोर माझ्या देवापुढं भाजत होतं आणि मी हात जोडून उभा होतो.

गजेंद्रनं मला गळ्याची शपथ घातली होती. चार दिवस पाळली, आज मोडतो. आपली दोन्ही पोरं राहतात त्या पुण्याच्या खोलीत तो एकटा घेत नव्हता. तुझा राजकुमारही घेतो, अजूनही. मला शिव्या नंतर दे. आजच गाडी पकड. त्याला मारू नको, ओरडूही नको. लघवीला जळजळ होते का, एवढंच विचार आणि सरळ दवाखान्यात ने.

तुझाच, एका बाकावरचा,
वामन