दोन्ही बाह्या डाव्या

तीर्थस्वरूप ताईस धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. (सगळे म्हणजे घरातले. माझं पुढे लिहितो.)

शर्टांच्या कारखान्यात कापड बेतायला लागून मला सव्वीस वर्षं झाली आणि एकही खाडा नाही, हे तुला ठाऊक आहे, कारण मीच दर पत्रात लिहितो. हल्ली उजव्या डोळ्यावर साय धरल्यासारखं झालं आहे. कात्री उचलण्याआधी मी डोळे मिटून देवाला हात जोडतो; उघडल्यावर पूर्वीइतका फरक पडत नाही. तरी कामावर जात राहिलो. घरी बसणं म्हणजे कामचुकारपणा, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं.

परवा कापडाची सुलट-उलट बाजू कळली नाही आणि ऐंशी शर्टांच्या दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. शिलाईच्या बायका दिवसभर हात बांधून बसल्या. ("काका, दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय का?" असं काजं करणारीने विचारलं. तोंडाची फटकळ आहे, मनाची नाही.) त्याच गडबडीत कळलं, की शेजारच्या टेबलावरचा कारागीर सहा महिने माझ्या खडूच्या रेघा गुपचूप सरळ करत होता. त्यापायी त्याचं काम मागे पडायचं आणि बोलणी तो खायचा. मी मात्र त्याला आळशी समजून कष्टाचं महत्त्व सांगत होतो. तोही मान खाली घालून ऐकायचा. ताई, ते आठवलं की जेवण जात नाही.

मालक ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "काका, तुमची रजा मला परवडली असती. तुमचं येणं परवडत नाही. काय होतंय, सांगा तरी." खरं जिभेवर आलं होतं. पण डोळ्याचं कळलं तर हातातली कात्री जाईल, आणि मला दुसरं काय येतं?

वडीलधाऱ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा

ता. क. मालकांना सांगितलं, की ताई अंथरुणाला खिळली आहे, म्हणून माझं चित्त थाऱ्यावर नाही. त्यांनी लगेच आठ दिवसांची रजा दिली. देवाची क्षमा मागून झाली. तुझी राहिली आहे.

आणखी एक. गुरुवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे. कागदावर घरच्या माणसाची सही लागते. बायकोला सांगायचा धीर होत नाही (तिने वर्षापूर्वीच डॉक्टरकडे जा म्हटलं होतं). तू ये. एकट्याला भीती वाटते. मालक रविवारी फळं घेऊन तुला बघायला येणार आहेत. त्याआधी तुला घरी पोचवून अंथरुणावर निजवण्याची जबाबदारी माझी.