नदी अर्धी गोठलेली, रेडिओ गप्प

२१ ऑक्टोबर

आज गावच्या रेडिओवर संध्याकाळचे निरोप वाचलेच नाहीत. रेडिओ लावला तर नुसती खरखर. बॅटरी बदलली, डबड्याला चापट मारली — खरखरच. शेवटी शेजारची मट्रोना म्हणाली, "अनेसियाने बंद केलाय. वॉशिंग्टनची परवानगी संपली."

वॉशिंग्टनने अलास्का नकाशातच पाहिलाय. आमची नदी त्याला काय माहीत.

२२ ऑक्टोबर

अनेसियाकडे गेले. माझ्या बहिणीची मुलगी, गावचा रेडिओ तीच चालवते. सप्टेंबरच्या वादळात रेडिओचा खांब वाकला, तेव्हापासून शाळेच्या छपरावर तार बांधून भागवतात. ती जागा कागदावर नाही, म्हणून तात्पुरती परवानगी. ती संपली. वाढवून देणारी माणसं घरी बसलीत — पुढाऱ्यांचं पैशावरून भांडण, आणि सरकारच बंद.

"अर्ज केलाय, मावशी. आपोआप उत्तर येतं. कचेरी उघडल्यावर बघू."

"आणि याको?"

ती तारा आवरायला लागली.

याको माझा मुलगा. नदीच्या वरच्या अंगाला शिकारीच्या तळावर एकटा आहे. तिथे फोन लागत नाही. उपग्रहाचं यंत्र होतं, ते मागच्या साली पाण्यात घालवलं. मला रेडिओ पुरतो म्हणे. रोज संध्याकाळी निरोप ऐकतो. मी सांगितलं की बर्फावरून निघायचं, असं ठरलेलं.

आजवर रेडिओ एकदाच गप्प झाला, पुराच्या साली. तेव्हा तो सगळं टाकून धावत आला होता. आताही येईल. गावात काही घडलं असंच समजेल. आणि नदीवरचा बर्फ माझ्या तळहाताएवढाही जाड नाही.

२३ ऑक्टोबर

नदी कुरकुरते. कुत्री भुंकली की दाराशी जाते.

२४ ऑक्टोबर

याकोला माझ्या बापाचं नाव दिलंय. बाप याच नदीत, याच दिवसांत बर्फाखाली गेला. आमच्यात नाव दिलं की माणूस परत आला असं धरतात. म्हणून मुलाला मी बाबा म्हणते. चिडले की गाढव.

पोलिसाला म्हटलं, विमान पाठव. "आजी, ढग छपराला टेकलेत."

बिस्किट चहात बुडवलं. तिथेच विरघळलं. तोंडात काही जात नाही.

२५ ऑक्टोबर

पुन्हा अनेसिया.

"कुणाचा जीव धोक्यात असेल तर बोलता येतं, मावशी. पण धोका दाखवावा लागतो. परवाना गेला तर कायमचा जाईल. मग कुणाच्याच घरी निरोप नाही."

"म्हणजे त्याने आधी बुडायचं, मग मी अर्ज करायचा?"

तिचे डोळे भरले. पोरगी खोटी नाही, तेही कळतं मला. मग उठली. "मी घरी चहा ठेवायला चाललेय. किल्ली खुंटीवर असते. हिरवं बटण आधी, मग लाल." विचारलं नव्हतं मी.

किल्ली घेतली, बटणं दाबली, लाल दिवा लागला. म्हटलं — बाबा, जागचे हलू नका. गावात सगळे बरे आहेत. नदी घट्ट झालेली नाही. तुम्ही एकदा गेलात, तेवढं पुरे.

मग वाटलं, एवढा मान दिला तर तो ऐकायचा नाही. म्हटलं, "गाढवा, तळावर थांब."

पलीकडून उत्तर येत नाही. सांगायचं आणि बसून राहायचं.

३० ऑक्टोबर

रोज बोलते. अनेसियाला रोज चहाची तलफ येते.

आज खालच्या वळणावर बर्फावरची स्लेज अडकलेली दिसली. रिकामी, वरून वाहत आलेली. ताडपत्री निळी. याकोची निळी आहे. गावात सगळ्यांचीच निळी आहे.

सगळ्यांचीच.

४ डिसेंबर

कचेरी उघडली. अनेसियाला पत्र आलं — परवानगी नसताना बोललं कोण, कशासाठी, खुलासा द्या. ती लिहायला बसली होती. मी पेन काढून घेतलं. तिने लिहायचं नाही, मीही नाही. याकोची स्लेज नदीने नेली, पायाची दोन बोटं गोठून गेली, पण खिशातल्या रेडिओतून 'गाढवा' ऐकू आलं आणि तळाकडे मागे फिरला. नदी घट्ट झाल्यावर घरी आला. हात शाबूत आहेत त्याचे. उत्तर याकोने द्यायचं.